नांगर की काठ

इंद्रभानला कुठलीही गोष्ट शांतपणे करता येत नसे. दार उघडायचं तर लाथेनं, बैलांना पाणी पाजायचं तर शिव्या देत, आणि लेकरांचे लाड करायचे तर पाठीत असा धपाटा घालून, की लेकरानं समोरच्या भिंतीवर जाऊन आदळावं. मी त्याची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे त्याचा आवाज मला बसल्या जागी मिळायचा. माझा नवरा म्हणायचा, सरिता, आपल्याला कोंबडा पाळायची गरज नाही.

मारकुटा होता तो, हे आधीच सांगून टाकते. मेलेल्या-जगलेल्यांबद्दल गोड बोलायची माझी सवय नाही. वाशीमला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात तो वेल्डिंग करायचा. एक दिवस मालक जातीवरून काहीतरी बोलला. इंद्रभाननं त्याच्या कानाखाली वाजवली, हातातली जाळी तिथंच फेकली आणि मिळेल त्या गाडीनं घरी आला. त्याच्या बायकोनं, चंपावहिनीनं विचारलं, आता काय करणार? तो म्हणाला, बोट करतो.

बोट हवीच होती. आमची वस्ती आसेगावपासून जवळच, धरणाच्या फुगवट्याला लागून. धरण झालं तेव्हा पाणी आमची घरं आणि आमची वावरं यांच्या बरोबर मध्ये शिरलं. वावरं पलीकडे, आम्ही अलीकडे. रस्त्यानं जायचं म्हटलं तर धरणाच्या भिंतीवरून एवढा मोठा वळसा, की वावरात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. तेव्हा इंद्रभाननं लोखंडी अँगलची चौकट जोडली, तिच्याखाली दोन ओळींत निळे प्लास्टिकचे ड्रम आवळले आणि वर फळ्या ठोकल्या. फळ्या आणि लोखंड रामरावचं. रामरावचं वावर इंद्रभानच्या वावराला धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. दोघं लहानपणी एकाच वर्गात नापास झालेले, तिथपासूनची दोस्ती. बोट दोघांची झाली, म्हणजे भांडणही दोघांचं झालं.

भांडण एकच होतं. काठाजवळ आल्यावर बोट ठेवायची कशी?

इंद्रभानची रीत अशी, की काठ जवळ आला म्हणजे हळू व्हायचं नाही, उलट वल्ह्याला जोर लावायचा. बोट धावत येऊन काठावर धाडकन चढायची. वर उभ्या असलेल्या आम्ही बायका एकमेकींच्या अंगावर पडायचो, डोक्यावरची ओझी चिखलात जायची, आणि हा दात काढून हसायचा. मग दोर बाभळीला बांधून टाकायचा. "पान्याचा काय भरोसा?" तो म्हणायचा. "बोट जमिनीवर असली तं आपली. पान्यात असली तं पान्याची."

बरोबर होतं त्याचं. बायकांचे पाय कोरडे राहायचे. पण ड्रमला चिरा पडायच्या, चौकटीचा सांधा निघायचा, आणि कालव्याला रब्बीचं पाणी सोडलं की धरण एका रात्रीत इतकं उतरायचं, की सकाळी बोट चिखलात बसलेली आणि पाणी भलतीकडेच. मग सारी वस्ती बोट ढकलायला. इंद्रभान मागून शिव्या देणार आणि आम्ही पुढून.

रामरावला ही धसमुसळी रीत सोसत नसे. त्याची लेक संस्कृती पनवेलला दिलेली. एकदा तो तिच्याकडे गेला तेव्हा जावयानं त्याला समुद्र दाखवला. तिथं काठापासून थोड्या अंतरावर, पाण्यातच, बोटी आपल्या जागी उभ्या. ना बांधलेल्या, ना काठावर ओढलेल्या. रामरावनं एका खलाशाला विचारलं, ह्या वाहून कशा जात नाहीत? खलाशी म्हणाला, नांगर टाकलाय. रामरावला पाण्यात जाणारा दोर दिसला. दोराच्या टोकाला काय आहे ते दिसलं नाही, कारण ते पाण्यात होतं. आणि त्यानं विचारलंही नाही. शेतकऱ्याच्या पोरानं नांगर म्हणजे काय ते विचारायचं असतं का?

घरी येऊन त्यानं गोठ्याच्या कोपऱ्यातला लोखंडी नांगर बाहेर काढला. ट्रॅक्टर आल्यापासून तो तसाच पडलेला होता. फाळ घासला, इसाडाला, म्हणजे त्याच्या लांब दांडीला, दोर बांधला आणि सगळ्यांच्या समोर धरणात टाकला.

इंद्रभान हसून हसून खाली बसला. "अबे रामराव, पान्यात काय पेरून राह्यला तू? सोयाबीन का तूर?"

पण हसणं लवकरच बंद झालं. आमच्या धरणाचा तळ म्हणजे काळीभोर माती. बोट वाऱ्यानं सरकली, दोर ताणला, नांगराचा फाळ मातीत घुसला, आणि बोट गचका खाऊन जागच्या जागी उभी राहिली. रामरावनं आमच्याकडे असं पाहिलं, जणू धरण त्यानंच बांधलंय. इंद्रभान तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकला आणि घरी निघून गेला.

पुढं माझ्या लेकीनं मोबाइलवर रामरावला बोटीच्या खऱ्या नांगराचं चित्र दाखवलं. दोन्हीकडं वळलेले आकडे, वर कडी. रामराव बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे त्याहिच्या रेतीचं हाये. आपल्या मातीले आपलाच नांगर लागते." चूक कबूल करायची नसली म्हणजे माणसाला काहीही सुचतं. त्या आकड्याचा गुण असा, की सरळ वर ओढला की सुटतो. आपला नांगर एकदा रुतला की जितका ओढावा तितका खोल जातो. तो काढायला रामराव दर वेळी पाण्यात बुडी मारायचा आणि हलवून हलवून उपटायचा.

तरी त्याचंही खोटं नव्हतं. नांगरावरची बोट फुटत नसे, चिखलात बसत नसे. फक्त आम्हाला काठापर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालावं लागायचं. आणि तीच मोठी भानगड होती. उन्हाळ्यात धरण आटलं की जेसीबी लावून गाळ उपसतात आणि वावरात नेऊन टाकतात. वावरं सुधारली, पण धरणाच्या काठाला जागोजाग खड्डे झाले. वरून पाणी सगळं सारखंच दिसतं. एक पाऊल कमरेएवढ्या पाण्यात, दुसरं पाऊल टाकलं की डोक्यावरून पाणी.

म्हणून नांगराच्या दिवशी चंपावहिनी सगळ्यांच्या आधी उतरायची. तिचं माहेर पैनगंगेच्या काठचं, मासोळीसारखी पोहायची. ती पायानं खड्ड्याची कड चाचपायची, तिथं उभी राहायची आणि आम्हाला एकेकीला हात देऊन काठाला लावायची. उतरताना दोघांनाही शिव्या. नवऱ्याला जास्त.

दोघं मात्र खरोखर मारामारी करायचे. तोंडातोंडीपुरतं नाही. एकदा रामरावचा पुढचा दात पडला. एकदा रामरावनं वल्हं घातलं तर इंद्रभानचा कान असा फाटला, की टाके पडले. वस्तीतले चार लोक पाहायला जमायचे, आणि मग चंपावहिनी यायची. जो जवळ असेल त्याला एक ठेवून द्यायची. शेवटी तिनंच निकाल लावला, एक दिवस काठ, एक दिवस नांगर. दोघांनी मान्य केलं, आणि पाळलंही. रात्री मारामारी झाली तरी सकाळी दोघं एकाच पुडीतला खर्रा खात बोट लोटायचे. मला हे कळत नसे. मी भांडले तर वर्ष वर्ष बोलत नाही.

तो दिवस नांगराचा होता.

सोयाबीनची सोंगणी चाललेली. चंपावहिनी धरून आम्ही आठ बायका दिवसभर पलीकडच्या वावरात वाकलेल्या. दुपार कलली आणि उत्तरेकडून आभाळ असं काळं आलं, की विळा दिसेना. परतीच्या पावसाला लाज नसते, तो मोजून-मापून येत नाही. आम्ही धावत बोटीवर चढलो. रामरावनं वल्हं घेतलं. त्याची बायको रुख्मिणी माझा दंड धरून बसली. ती पाण्याला भारी भ्यायची, नखं माझ्या कातड्यात रुतवायची.

मध्यावर आलो तेव्हा वारा मागून आला. वारा कसला, कुणी पाठीत लाथ घालावी तसा. मागोमाग गारा. गारा डोक्यावर, हातांवर, डोळ्यांवर. एकीचं कपाळ फुटलं. पोतं डोक्यावर घ्यावं तर पोतं उडून गेलं. लाटा फळ्यांवरून जायला लागल्या.

"रामरावभाऊ, आज काठाले लावा!" मी ओरडले.

"या हवेत काठावर आदयली तं सारे ड्रम फुटतीन!" तो ओरडला. "नांगरच टाकतो!"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तरी मला तेव्हाच त्याच्या तोंडावर विळा मारावासा वाटला. त्यानं बोटीच्या मागच्या टोकाचा नांगर पाण्यात लोटला. दोर सरसरत गेला, ताणला, आणि बोट एका झटक्यात थांबली. आम्ही सगळ्या तोंडावर पडलो. काठ समोर दिसत होता, पंचवीस-तीस हातांवर.

चंपावहिनीनं पदर खोचला आणि पुढून उडी टाकली. पाणी तिच्या छातीला लागत होतं, लाट आली की हनुवटीला. "या!" ती म्हणाली. "एकेक या! उजव्या हाताले खड्डा हाये, माह्या अंगाले धरून ऱ्हा!"

एक उतरली, काठाला लागली. दुसरी लागली. तिसरी रुख्मिणी. ती उतरली आणि लाटेनं तिला उचललं. वहिनीच्या हातातून तिचा हात सुटला, आणि ती खड्ड्यात गेली. नुसता हिरवा पदर वर दिसला. वहिनीनं सूर मारला.

तेवढ्यात मागचं टोक बुडायला लागलं. वारा बोटीला पुढं रेटत होता आणि मागून नांगर सोडत नव्हता. नांगर जितका ओढला जाई तितका खोल रुतत होता. प्रत्येक लाटेला मागच्या फळ्या पाण्याखाली जायच्या, आणि वर येताना थोड्या कमी वर यायच्या. आम्ही उरलेल्या चौघी मागच्याच अंगाला अडकलेल्या. एक ड्रम बांधणी तुटून सुटला आणि बंदुकीच्या गोळीसारखा वर उसळून गेला. रामराव गुडघ्यावर बसून दोराची गाठ सोडत होता. ओली गाठ, त्यावर बोटीचा सगळा ताण. त्याची नखं उलटली, रक्त आलं, पण गाठ काही सुटली नाही.

इंद्रभान काठावर होता. कुंपणाला काट्या तोडायला आलेला. त्यानं बोटीचं मागचं टोक पाण्याखाली जाताना पाहिलं आणि कुऱ्हाडीसकट पाण्यात पडला. तो पुढून आला नाही. लाटा चुकवायला बाजूनं पोहत आला, आणि मागच्या टोकाला धरून वर चढला. बोटीच्या पुढं, पाण्यात, त्याची बायको रुख्मिणीला केसांनी धरून वर आणतेय, हे त्याला दिसलं नाही. तो पाण्यात पडला तेव्हा ती खड्ड्यात बुडालेली होती, आणि आता पावसात मागून पुढची बाजू दिसतच नव्हती. मला दिसलं, कारण विजेचा लोळ पडला तेव्हा मी तिकडंच पाहत होते.

त्यानं कुऱ्हाड उगारली. रामरावनं त्याचं मनगट धरलं.

"नांगर राहू दे!" रामराव ओरडला. "पुढं चंपावयनी पान्यात..."

ढग फुटला तसा आवाज झाला. इंद्रभानला 'नांगर राहू दे' एवढंच ऐकू गेलं असणार. एवढ्या वर्षांच्या भांडणात रामरावनं तेच तर म्हटलं होतं. बायका बुडतायत आणि हा अजून आपला नांगर कवटाळून बसलाय! इंद्रभानचा चेहरा मी पाहिला. तसा राग मी माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. त्यानं मनगट हिसडून सोडवलं आणि कुऱ्हाडीची पाठ रामरावच्या जबड्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला त्या पावसातही आला. रामराव पडला, पण पडल्या पडल्या त्यानं इंद्रभानचा पाय धरला आणि दातांनी पोटरीला चावला. तोंडातून बोलता येत नव्हतं, म्हणून चावला. इंद्रभाननं दुसऱ्या पायानं त्याच्या छातीत लाथ मारली. मी ओरडायला तोंड उघडलं, तर लाट नाकातोंडात गेली. कुऱ्हाड दोरावर पडली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला दोर तुटला.

बोट सुटली. वाऱ्यानं ती उचलून काठावर भिरकावली. खाली काहीतरी लागलं, बोट जराशी उचलली गेली, आणि मग चिखलावरून घासत वर चढली. आम्ही सगळ्या फेकल्या गेलो. कुणाचा हात मोडला, कुणाच्या बरगड्या. पण जमीन होती अंगाखाली. जमीन!

इंद्रभान बोटीवर उभा राहून ओरडला, "पाह्य! पाह्य रामराव! काठ कामी आला का नाई? चंपे, सांग याले! कोठी हाये चंपी?"

रुख्मिणी बाजूच्या पाण्यातून रांगत वर आली. पाणी ओकत होती. तिनं बोटीकडं हात केला.

"तिनं मले ढकललं," ती म्हणाली. "बाजूले ढकललं मले. ती खाली हाये."

इंद्रभाननं एकट्यानं बोट उचलायला सुरुवात केली. अँगलची धार त्याच्या तळव्यांत हाडापर्यंत गेली. तो ओरडत होता, बोटीला शिव्या देत होता, चंपावहिनीला शिव्या देत होता, उठ म्हणत होता. मग आम्ही सगळ्यांनी हात लावले. मोडलेल्या हातांनीही लावले. रामराव आला, जबडा लोंबत होता, खांदा लावला. बोट उचलली गेली. चौकटीचा कोपरा तिच्या छातीवर आला होता. डोळे उघडे होते. ती काठावरच गेली, दवाखान्याची वाट पाहिलीच नाही तिनं.

इंद्रभाननं कुऱ्हाड घेतली आणि बोट फोडली. सगळे ड्रम, सगळ्या फळ्या. कुणी अडवलं नाही. मी चंपावहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. गारा अजून पडत होत्या, आणि तिच्या तोंडावर पडू नयेत म्हणून मी वर वाकले होते. मला रडू आलं नाही. राग आला. दोघांचा, धरणाचा, जेसीबीचा, सगळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी वाशीमहून चिरफाड करून तिला आणली. तिचा लेक नरेंद्र पुण्याहून आला. माती झाली. संध्याकाळी ठाण्यातून जमादार चौकशीला आला. विहारासमोरच्या ओट्यावर खुर्ची मांडली. त्यानं विचारलं, बोट काठावर आली कशी?

रामराव पुढं झाला. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी, दात तारेनं आवळलेले. दवाखान्यातून कुणाला न विचारता उठून आला होता. दातांच्या फटीतून म्हणाला, "सायेब, नांगर माहा होता. दोर जुना होता. आपोआप तुटला. हा दोष माहा हाये, दुसऱ्या कोनाचाच नाई."

जमादार लिहायला लागला. इंद्रभान उठला आणि त्यानं रामरावच्या थोबाडीत मारली. मोडलेल्या जबड्यावर. रामराव खाली बसला. पट्टीवर लाल डाग पसरत गेला.

"खोटं बोलून राह्यला हा," इंद्रभान म्हणाला. "दोर म्या तोडला. कुऱ्हाडीनं. हा मले सांगून राह्यला होता, म्या आयकलं नाई. उलटा मारला याले. लिहा."

"सायेब, त्याचं डोकं ठिकाणावर नाई," रामराव खालूनच म्हणाला. "बायको मेली त्याची. दोर तुटला."

"तोडला!"

"तुटला!"

इंद्रभाननं त्याला गळपट्टीनं उभं केलं. रामरावनंही त्याचा गळा धरला. हयातभर माझंच खरं म्हणून लढलेले हे दोघं, आता माझंच चुकलं म्हणून एकमेकांना मारत होते. जमादार खुर्ची सारून उभा राहिला. नोकरीत त्यानं पुष्कळ पाहिलं असेल, पण गुन्हा आपल्याकडं ओढायला माणसं हाणामारी करतात, हे त्याला नवीन असावं. त्यानं माझ्याकडं बोट केलं. "तुम्ही होत्या ना बोटीवर? तुम्ही सांगा."

मी सांगितलं. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण चंपावहिनीच्या बाबतीत मला ते बोलायचं नव्हतं. मी म्हणाले, "दोर यानंच तोडला. मी पाह्यलं. रामरावभाऊनं धरलं होतं याले, हेबी पाह्यलं. पण सायेब, दोर तोडला नसता तं आमी साऱ्या मागून बुडालो असतो. नांगर सुटून नव्हता राह्यला. आज मी अठी उभी नसते."

इंद्रभाननं रामरावचा गळा सोडला आणि माझ्याकडं आला. त्याचे तळवे फडक्यांत गुंडाळलेले होते. माझ्यावर त्यानं कधी हात उचलला नव्हता. आता उचलला. मी हलले नाही.

"म्हंजे याचंबी बरोबर," तो म्हणाला. "माहंबी बरोबर."

"हो," मी म्हणाले.

"मंग तिले कोनं मारलं, सरिता?"

जमादारानं खाली पाहिलं. इंद्रभान तसाच उभा होता, हात वर धरून, रामरावकडं बघत, मग माझ्याकडं, मग जमादाराकडं. तो हात कुणावर टाकायचा, हे त्याला ठरवता येत नव्हतं.